सिंदेवाहीतून कुंग फू शिकायचं तर

सिंदेवाहीतल्या सातवी-आठवीच्या पोराने किंवा पोरीने घरी म्हटलं, मला कुंग फू शिकायचंय, की आईवडिलांपुढे पहिला प्रश्न येतो तो कुठे शिकायचं हा. तालुक्याचं गाव, धानाचा पट्टा, भोवती ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल. मूल शहर पंचवीस-तीस किलोमीटर, चंद्रपूर सत्तरच्या आसपास, नागपूर सव्वाशेच्या घरात. अशा गावांत मार्शल आर्टची पाटी दिसलीच तर ती बहुधा कराटेची किंवा तायक्वांदोची असते. वर्ग शाळेच्या मैदानावर किंवा एखाद्या सभागृहात भरतो आणि शिकवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणतात. चिनी पद्धतीचं कुणी शिकवतं का, हे आधी शोधावं लागतं. सापडलं, तर चांगलं शिकवतात का, हे ओळखावं लागतं. ओळखण्याचं काम शोधण्यापेक्षा अवघड आहे, कारण नवख्या माणसाला ज्या गोष्टींची भुरळ पडते त्यांचा शिकवण्याशी फारसा संबंध नसतो.

माझं सांगणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगतो. शाळा सरांकडे पाहून निवडू नये, सरांच्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्याकडे पाहून निवडावी. सरांची उंच उडी, भिंतीवरची पदकं, चीनमधल्या शिबिरातला फोटो हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली कमावलेलं असतं. त्यांच्या स्वतःच्या हाताखाली काय घडतं, ते तिथे दोन-तीन वर्षं नियमाने येणाऱ्या, अंगाने बेताच्या, साध्या मुलामुलीत दिसतं. वर्गातल्या सगळ्यात तरबेज खेळाडूवरूनही अंदाज बांधू नये. उपजत चपळाई असलेलं पोर कुठल्याही मैदानावर चमकतं. मधल्या रांगेत उभं राहणारं, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत कधी नंबर न आलेलं मूल निवडा आणि तासभर फक्त त्याच्याकडे पाहा.

काय पाहायचं? चिनी युद्धकलांच्या बहुतेक शाखांत सुरुवात पवित्र्यांपासून होते. वुशूत, म्हणजे त्यांच्या आजच्या क्रीडारूपात, पाच मूळ पवित्रे शिकवतात: माबू, गोंगबू, पूबू, शूबू आणि शिएबू. त्यांतला माबू म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारखी बैठक. पाय खांद्यांहून बरेच रुंद, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पाठ सरळ. या बैठकीत त्या मुलाचे गुडघे पाहा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहायला हवा. तो आत ढळत असेल, तर तीन वर्षांत त्या मुलाला कुणी थांबवून दुरुस्त केलेलं नाही, आणि आणखी पाच वर्षांनी ते गुडघा धरून दवाखान्यात बसण्याची शक्यता बरीच आहे. गोंगबूत पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय ताठ असतो. तिथे मागची टाच जमिनीवरून सुटते का, ते पाहा. उडी मारून खाली येताना धप्प असा आवाज येतो, की पाय मऊ टेकतात? श्वास चालू आहे, की चेहरा लाल करून कोंडून धरलाय? या गोष्टी दिसायला चिनी भाषा यावी लागत नाही, आधी काही शिकलेलं असावं लागत नाही. आखाड्याच्या कडेला बसून पोरांच्या बैठका पाहिलेल्या कुणाही आजोबांना त्या दहा मिनिटांत दिसतील.

मग त्या मुलाला सहज विचारा, की हा हात वर का घेतोस? ते अडखळत का होईना काही सांगू लागलं, दाखवू लागलं, तर तिथे शिकवणं चालतं. ‘सरांनी सांगितलं म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर तिथे कवायत चालते. शेवटचं म्हणजे नवीन आलेल्या पोराशी ते मूल कसं वागतं, हे पाहा. चुकणाऱ्याला हसतं, की शेजारी उभं राहून पाय सरकवून देतं? वर्गाची रीत तिथे कळते, कारण मुलं सरांकडून हालचालींबरोबर वागणूकही उचलतात.

आता पाटीवरच्या ‘कुंग फू’ या शब्दाखाली काय काय चालतं, ते माहीत असलेलं बरं. आज त्यात निदान तीन वेगवेगळी कामं येतात आणि तिन्हींचे विद्यार्थी वेगळे असतात. पहिलं ताओलू, म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींची रचना, हाताने किंवा तलवार, भाला, काठी घेऊन. स्पर्धेत ती चौदा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गालिच्यावर करतात. वरच्या पातळीवर गुण दहापैकी असतात: पाच हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि दोन कठीण उड्या-गिरक्यांना. म्हणजे निम्मे गुण पायाभूत शुद्धतेचे आहेत. नवख्या मुलाला पहिल्याच महिन्यात हवेत फिरायला लावणाऱ्या शाळेने हे गणित उलटं धरलेलं असतं. दुसरं सांदा, म्हणजे समोरासमोरची लढत. आठ मीटर चौरस आणि ऐंशी सेंटिमीटर उंच मंचावर दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या होतात. ठोसा, लाथ आणि उचलून टाकणं चालतं. कोपर आणि गुडघ्याने मारणं चालत नाही. तिसरं काम जुन्या घराण्यांचं: ताईची, विंग चुन, हुंग गार वगैरे. यांत स्पर्धेपेक्षा वर्षानुवर्षांचा सराव आणि जोडीदाराबरोबरचं काम महत्त्वाचं. हनान प्रांतातल्या चेनजियागोउ या गावाशी नातं सांगणाऱ्या ताईचीला २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिचा २४ हालचालींचा सोपा संच १९५६ साली सर्वसामान्यांसाठी बसवला गेला. पंचेचाळिशीतल्या शिक्षिकेला तो जमतो आणि त्याला गालिचाही लागत नाही. तुम्हाला यांतलं काय हवंय, हे ठरवल्याशिवाय वर्ग पाहायला गेलात, तर जे दिसेल तेच हवं होतं असं वाटायला लागतं.

आपल्याकडे मुलांसाठी सगळ्यात पोहोचण्याजोगी वाट वुशूची आहे. आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ १९९० साली स्थापन झाला, त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत वुशू आलं. भारताची वुशू संघटना त्याच्या आधीची, १९८९ची. भारताला आशियाई खेळांतलं वुशूचं पहिलं पदक २००६ साली दोह्यात मणिपूरच्या बिमोलजित सिंगने मिळवून दिलं, कांस्य. २०१० साली ग्वांगझोऊत संध्याराणी देवीने रौप्य मिळवलं. २०२३ साली हांगझोऊत नाओरेम रोशिबिना देवीने सांदाच्या ६० किलो गटात पुन्हा रौप्य आणलं. रोशिबिना मणिपूरच्या विष्णुपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. सिंदेवाहीच्या पालकांनी ही नावं लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण हा खेळ महानगरांतल्या मोठ्या क्लबांचा नाही. धान पिकवणाऱ्या गावांतून तो वर आलेला आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, तेव्हाही दिसलं होतं की अंगातल्या काटकपणाला योग्य प्रशिक्षक आणि पायरीपायरीची तयारी मिळाली, की कुठल्या गावचं पोर आहे याने अडत नाही.

सर्वांसाठी खुली शाळा ही कल्पना चीनमध्येही फार जुनी नाही. अशा शाळा निघण्याआधी विद्या बहुतांशी घराण्यात, गावात, मठात किंवा सैन्यात राहायची. १९१० साली शांघायमध्ये जिंगवू ही संस्था निघाली आणि तिने एका छताखाली अनेक पद्धती, ठरलेला अभ्यासक्रम आणि बायकांनाही प्रवेश अशी नवी रीत पाडली. १९२८ साली नानजिंगमध्ये गुओशूची, म्हणजे ‘राष्ट्रीय’ युद्धकलेची, सरकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे नेमका हाच काळ व्यायामशाळांच्या चळवळीचा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा काढली, तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचा संघ तिथे गेला आणि त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने नानजिंगच्या परंपरेतल्या चिनी खेळाडूंनीही जर्मनीत आपल्या युद्धकलेची प्रात्यक्षिकं केली. त्या पथकात स्त्रियाही होत्या. विदर्भ आणि चीन एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात, आपापली देशी विद्या जगाला दाखवत होते. या योगायोगाची आठवण आपल्याकडे फार कमी निघते. निघायला हवी, कारण दोन्हीकडची माणसं एकाच प्रश्नाला भिडलेली होती: बंद दारामागची विद्या साध्या मुलाला कशी शिकवायची? चांगल्या वर्गाची कसोटी आजही तीच आहे.

इतिहासाचा विषय निघालाच आहे, तर बोधिधर्माबद्दलही बोललं पाहिजे. जवळजवळ प्रत्येक भारतीय कुंग फू वर्गात ही गोष्ट सांगितली जाते, की दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्खूंना ही विद्या शिकवली. २०११चा तमिळ सिनेमा ‘चेन्नई व्हर्सेस चायना’ या नावाने हिंदीत टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागला, तेव्हापासून ती गोष्ट आणखी घट्ट बसली. खरा तपशील याहून रोचक आहे. शाओलिन मठ इसवी सन ४९५च्या सुमारास बातुओ नावाच्या भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला, म्हणजे भारताचा धागा तिथे पहिल्या दिवसापासून आहे. ६२१ साली तिथल्या भिक्खूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने लढाईत भाग घेतला, त्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. बोधिधर्माचं नाव व्यायामाशी जोडणारा ग्रंथ मात्र सतराव्या शतकातला. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३०च्या दशकातच ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही, हे दाखवून दिलं. सरांनी बोधिधर्माची गोष्ट सांगितली म्हणून वर्ग वाईट ठरत नाही. पण विचारल्यावर ते चिडतात, की ‘असं का म्हणतोस, बस, बोलू’ म्हणतात, यावरून त्यांच्या शिकवण्याचा पुष्कळ अंदाज येतो.

शाओलिनच्या नावाची जाहिरात तर डोळे झाकून बाजूला ठेवावी. हनानमध्ये त्या मठाच्या परिसरात हजारो मुलांच्या निवासी शाळा आहेत, आणि तिथे चार आठवडे राहून आलेला माणूसही ‘शाओलिन प्रशिक्षित’ असा फलक लावू शकतो. खुद्द मठाच्या तेव्हाच्या प्रमुखाची जुलै २०२५ मध्ये आर्थिक गैरव्यवहारासह गंभीर आरोपांवरून चौकशी सुरू झाली आणि चीनच्या बौद्ध संघटनेने त्यांचं दीक्षापत्र रद्द केलं. दीड हजार वर्षांचं नावही एका माणसाच्या सचोटीची हमी देत नाही. तिथे कोपऱ्यावरच्या फ्लेक्सचं काय घेऊन बसायचं!

पट्ट्यांचंही तसंच. रंगीत पट्ट्यांची रीत जपानी ज्युदोपासून पसरली. जुन्या चिनी घराण्यांत ती नव्हती. चीनने स्वतःची नऊ पायऱ्यांची श्रेणी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणली. चिनी पद्धतीच्या वर्गात पट्टा असला म्हणून बिघडत नाही, मुलांना पुढची पायरी दिसलेली आवडते. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळे पैसे आणि एकही मूल कधी नापास नाही, असं असेल तर तो पट्ट्यांचा व्यवहार आहे. डोक्याने कौलं फोडणं, पोटावरून मोटारसायकल नेणं, ट्यूबलाइट फोडणं हे गणपती-शारदेच्या मंडपात टाळ्या मिळवतं. त्याने लढायलाही येत नाही आणि अंगही बनत नाही. मुलांकडून ट्यूबलाइट फोडून घेणाऱ्या वर्गातून मी माझं मूल त्याच दिवशी परत आणीन. त्या काचेत पारा असतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय प्रवेश घेऊच नये. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, कार्डं मिळू लागली. ज्याचा अहवाल ‘एएस’ येतो, तो वाहक. एरवी त्याला काही त्रास नसतो आणि त्याने खेळ सोडायचं कारण नाही. पण रणरणतं ऊन, अंगात पाणी कमी आणि एकदम जिवाच्या आकांताने घेतलेली मेहनत हे तिन्ही एकत्र आले, तर वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकन सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण अतिश्रमाने स्नायू मोडून पडण्याचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. यातून करायचं ते साधं आहे. मेहनत हळूहळू वाढवायची, मधे मधे थांबायचं, पाणी मागेल तेव्हा द्यायचं, आणि पायात अचानक ताकद राहिली नाही असं मूल म्हणालं तर त्याला आळशी न ठरवता लगेच सावलीत बसवून डॉक्टरांकडे न्यायचं. ‘एसएस’ रुग्ण असलेल्या मुलाचं मात्र आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळिसाच्या वर जातो. अशा मुलखात ‘पाणी प्यायचं नाही, सहनशक्ती वाढते’ म्हणणाऱ्या किंवा उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून शंभर बेडूकउड्या देणाऱ्या सरांकडे पोर पाठवू नये. तेव्हा पहिल्याच भेटीत नीट विचारावं: “सर, आमच्या पोरीचं सिकलसेलचं कार्ड आहे. तुम्ही मैदानावर काय काळजी घेता?” या प्रश्नावर वही काढून नाव लिहून घेणारे सर मिळाले, तर निम्मा शोध संपला.

वेळेचा प्रश्न शहरातल्या लेखांत सापडत नाही, इथे तो जिवाचा आहे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत, बिबट आहे, अस्वल आहे, आणि दिवस मावळताना किंवा उजाडताना एकट्याने जंगलकाठच्या वाटेने जाऊ नये, असं वनविभाग सतत सांगत असतो. संध्याकाळी साडेसातला सुटणारा वर्ग गावातल्या मुलांना चालतो. चार-पाच किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलने येणाऱ्या पोराला तो चालत नाही. लांबच्या मुलांना लवकर सोडणारे, चौघांना एकत्र पाठवणारे, शेवटच्या एसटीची वेळ माहीत असणारे सर मला पदकविजेत्यापेक्षा जास्त पसंत आहेत.

जागा पाहा. सिमेंटच्या ओट्यावर उड्या घेणं टाचांना, नडग्यांना आणि गुडघ्यांना महागात पडतं. मऊ मातीचं मैदान चालतं. सांदात उचलून टाकायचं असेल, तर खाली जाड मॅट हवीच. पडायचं कसं, हे टाकण्याच्या आधी शिकवतात का, हे विचारा. नवख्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत लढतीला उभं करणं चुकीचं आहे आणि लहान मुलांच्या डोक्यावर जोराचे फटके तर कधीच चालू नयेत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मुलांना अंगाला न लागणाऱ्या सरावाकडेच वळवावं असं सांगते. हेल्मेट घातलं म्हणजे मेंदू वाचला, हा समज खोटा आहे. हेल्मेटने जखम वाचते, पण डोक्याला बसणारा हिसका तसाच राहतो.

मुलीच्या आईने विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या संकोचाने मागे ठेवू नयेत. पवित्रा दुरुस्त करताना सर हात लावतात तेव्हा आधी सांगतात का? वर्ग उघड्यावर चालतो का, पालकांना कधीही येऊन बसता येतं का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुली जातात तेव्हा सोबत बाई असते का? २०१२च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवरचे लैंगिक गुन्हे कडक शिक्षेचे केले आणि विश्वासाच्या, अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने ते केले तर शिक्षा आणखी वाढवली. कायदा घडून गेल्यावर येतो. त्याआधी उपयोगी पडतं ते उघडं दार आणि कडेला बसलेला पालक. ‘पालकांनी बसल्याने मुलांचं लक्ष उडतं’ म्हणणारे सर असतात. त्यांचं म्हणणं काही दिवसांपुरतं खरंही असेल. पण कायमची मनाई असेल, तर पोरीला तिथे घालू नये.

आता प्रमाणपत्राचा मोह. आपल्या भागात पहाटे रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलंमुली दिसतात. त्यांना कुणीतरी सांगतं, की ब्लॅक बेल्ट घे, भरतीत फायदा होतो. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण ते मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं, आणि ते प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं. पट्ट्याचा त्यात काही उपयोग नाही. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर मिळवलेल्या नोकऱ्या महाराष्ट्रात गेल्याही आहेत. वुशू शालेय क्रीडा स्पर्धांत आहे. म्हणून ज्याला हा मार्ग धरायचाय, त्याने चंद्रपूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जिल्ह्याची वुशू संघटना कोणती आणि तिचे प्रशिक्षक कोण, हे विचारावं. संघटनांची मान्यता येते-जाते, त्यामुळे चालू वर्षाचं विचारावं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका वुशूतही मिळते. ती असेल तर चांगलं, नसेल तरी सर वाईट ठरत नाहीत. पुन्हा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे वळा.

पैशाचं थोडक्यात. महिन्याची फी महिन्याला घेणारा वर्ग बरा. वर्षाचे पैसे एकदम मागितले तर थांबा. गणवेश, परीक्षा, संघटनेची नोंदणी, स्पर्धेचा प्रवास, सांदाची हेल्मेट-ग्लव्हज-छातीचं कवच यांचा खर्च आधी कागदावर लिहून मागा.

आणि समजा सगळं शोधूनही जवळपास चिनी पद्धतीचा वर्ग मिळाला नाही, तर? मग पद्धतीचा हट्ट सोडावा असं माझं ठाम मत आहे. गावातच चांगले कराटे सर असतील, तर तिथे जावं. ओकिनावाच्या कराटेची मुळं चीनच्या फुजियान प्रांतात आहेत. हिगाओन्ना कानर्‍यो हे गुरू १८७०च्या दशकात फूझोऊला जाऊन शिकून आले होते. दोन वर्षं नीट कराटे केलेल्या मुलाला पुढे वुशूत यायला अडचण येत नाही. कबड्डी तर आपल्याकडे घराघरात आहे. पाय पकडून प्रतिस्पर्ध्याला खाली आणणं हे कबड्डीतल्या बचावपटूचं रोजचं काम, आणि सांदात लाथ पकडून पाडण्यालाही तीच नजर आणि तेच कंबरेचं बळ लागतं. कुस्तीचा आखाडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स केलेल्या मुलाला ताओलूच्या उड्या सोप्या जातात. छी जिग्वांग या सोळाव्या शतकातल्या चिनी सेनापतीने आपल्या युद्धग्रंथात स्वच्छ लिहून ठेवलंय, की मुठींची विद्या मोठ्या लढाईत फारशी कामाची नाही, पण हातपाय चालते करायला, शरीराला सवय लावायला नवशिक्याने तिथूनच आत शिरावं. सेनापतीला जे पुरेसं वाटलं, ते आपल्या सातवीच्या पोराला पुरेसं आहे.

अंतराचा हिशेब मात्र भावनेने करू नये. आठवड्यातून एकदा नागपूरला जाऊन येण्यात रविवार जातो, पैसा जातो, आणि मुलाच्या अंगात फारसं काही मुरत नाही. आठवड्यातून तीनदा गावात होणारा साधा सराव त्याहून कितीतरी जास्त देतो. मधला मार्ग असा, की गावात रोजची मेहनत आणि महिन्यातून एकदा चंद्रपूर किंवा नागपूरच्या जाणकार प्रशिक्षकाकडे जाऊन दुरुस्ती. व्हिडिओ पाहून क्रम लक्षात राहतो, विसरलेला हात आठवतो. पण गुडघा आत ढळतोय हे व्हिडिओ सांगत नाही. त्याला शेजारी उभा माणूसच लागतो.

सुरुवात जूनमध्ये करायची घाई असते, कारण शाळा सुरू होते आणि सगळे वर्ग तेव्हाच पत्रकं वाटतात. आपल्याकडे जुलैत रोवणी असते, घरातले सगळे बांधीत, मैदानात चिखल, आणि महिन्याभरात मुलाचे निम्मे दिवस बुडतात. एप्रिल-मे मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचे, शिवाय उन्हाचे. चांगला महिना दिवाळीनंतरचा, धान कापून घरी आलेलं असतं तेव्हा. मंडई आणि झाडीपट्टीच्या नाटकांमुळे काही रात्री जागरणात जातील, ते सरांना आधीच सांगून ठेवावं; इथलेच असतील तर त्यांना ते सांगावं लागणारही नाही. पहिले चार वर्ग गणवेश न घेता, टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर करू द्या म्हणावं. नाही म्हणाले, तर दुसरा वर्ग पाहावा. हो म्हणाले, तर थंडीतले ते तीन-चार महिने सलग मिळतात, आणि मार्चमध्ये ऊन तापायच्या आत मुलाला आणि घरच्यांनाही कळलेलं असतं की पुढच्या वर्षी फी भरत राहायची की नाही.